दापोली-मंडणगडच्या सड्यावर नमुने घ्यायला जाताना

सडा म्हणजे डोंगरावरचं उघड्या कातळाचं पठार. तिथे बॉक्साइटसाठी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजासाठी, दगडाचे नमुने घ्यायला जाताना आधी पाण्याचं बघा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा मुलूख, तिथे पाणी मिळेलच, असं धरून निघू नका. इथला तांबडा दगड, जांभा, सच्छिद्र. सड्यावरचं पाणी कातळात मुरतं आणि पार खाली उताराला झऱ्याने बाहेर येतं. म्हणून वाड्या आणि विहिरी पायथ्याला, वर जानेवारीनंतर टिपूस नाही. माणशी पाच लिटर वाहून न्यायचंच.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मार्चपासून कातळ असा तापतो की अकरानंतर हातोडी धरवत नाही. पावसाळ्यात शेवाळावरून पाय सरकतो. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात दुपारनंतर आभाळ भरलं, तर हातचं काम टाकून खाली उतरा. उघड्या सड्यावर विजेला सर्वांत उंच आपणच सापडतो.

रेल्वेने खेडला उतरून दापोलीमार्गे या. श्रीवर्धनकडून येणाऱ्यांनी बागमांडले-वेसवी फेरीबोट धरावी, शेवटची फेरी किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवावं. डिझेल दापोलीत किंवा मंडणगडात भरून घ्या. नकाशा कागदावरचाही हवा, कारण खाडीकडच्या घळीत मोबाइलला रेंज नसते.

नमुन्यांच्या पिशव्यांबाबत मी हट्टी आहे. बॉक्साइट आणि जांभा एकाच कातळात मिसळलेले असतात. फिकट रंग, हाताला हलकेपणा, मसुराएवढ्या गोळ्या यावरून अंदाज येतो, पण ॲल्युमिना (ज्यातून ॲल्युमिनियम मिळतं) किती आणि सिलिका (वाळूतला घटक) किती हे प्रयोगशाळाच सांगते. नमुना कुठला ते लिहिलेली चिठ्ठीच गेली तर सांगणार कशाचं? एकदा दमट हवेत पेनची शाई फुटली आणि माझे अकरा नमुने बिननावाचे झाले. तेव्हापासून चिठ्ठी पेन्सिलीने लिहितो, एक पिशवीत आणि एक बाहेर बांधून.

घोट्यावर येणारे बूट घाला. दगड हाताने नाही, हातोडीच्या टोकाने उलटा. खाली फुरसं हा विषारी साप असतो, कातळाच्याच रंगाचा, वेटोळं घालून अंग घासत करकर आवाज करणारा. सर्पदंशाची लस जवळ कुठल्या रुग्णालयात आहे, ते पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहा.

गावात आधी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटा. सडा ओसाड दिसला तरी त्याला मालक आहेत, गडगे (दगडी कुंपणं) आहेत, गुरं चरतात. खड्डा मारण्याआधी ती जागा खराट्याने झाडून घ्या. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर माती-गवताखाली कातळशिल्पं निघाली, २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीतही गेली; आपल्या पायाखाली ती नसतीलच असं कोण म्हणेल? एखादी कोरीव रेघ दिसली तर तिथे पहार लावू नका. आणि संध्याकाळी उतरण्यापूर्वी प्रत्येक खड्डा बुजवा. अंधारात परतणारी गाय त्यात पाय मोडून घेते.