जैवभूगोल समजून घेताना या चुका टाळा

एखाद्या प्रदेशात अमुक प्राणी का आढळतो, हा एक प्रश्न आहे. त्या प्रदेशातली ऊर्जा आणि पोषकद्रव्ये कोणत्या वाटेने फिरतात, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेकदा इतिहासात सापडते, तर दुसऱ्याचे उत्तर आजच्या तापमानात, पाण्यात, मातीत आणि कोण कोणाला खातो या नात्यांत शोधावे लागते. जैवभूगोल व परिसंस्था यांविषयीच्या लेखनात ज्या चुका वारंवार दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. त्यामुळे एखादे स्पष्टीकरण जुळत नसेल, तर आपण नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत, हे आधी तपासावे.

हवामान कळले की प्रजाती कळल्या, असे मानणे

वाळवंट म्हटले की निवडुंगाचे चित्र काढण्याची सवय आपल्याला असते. प्रत्यक्षात निवडुंगाचे कुळ, एखादा अपवाद वगळता, मूळचे अमेरिका खंडांतलेच आहे. आफ्रिकेच्या रुक्ष प्रदेशांत तसेच जाड, कंगोरेदार, काटेरी खोड दिसते, पण त्या वनस्पती युफोर्बियाच्या, म्हणजे एका वेगळ्याच कुळातल्या असतात आणि खोडाला छेद दिला की पांढरा चीक बाहेर येतो. दोन्हीकडे पाणी साठवण्याचे आणि ते वाचवण्याचे काम सारखेच चालते. काम करणाऱ्यांचे पूर्वज मात्र वेगळे आहेत. यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात. हवामान रूप घडवते, वंश ठरवत नाही, एवढा भेद ध्यानात ठेवला तर निम्मे घोटाळे टळतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इंडोनेशियातल्या बाली आणि लोंबोक या बेटांचे आहे. ही दोन बेटे सुमारे 35 किलोमीटर रुंदीच्या सामुद्रधुनीने विभागलेली आहेत आणि त्यांच्या हवामानात फारसा फरक नाही. तरीही विसाव्या शतकापर्यंत बालीत वाघ होते, लोंबोकमध्ये ते कधीच पोहोचले नाहीत. उलट ऑस्ट्रेलियाशी नाते सांगणारे काकाकुवा लोंबोकपासून पूर्वेकडे दिसू लागतात. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा बदल टिपला आणि तिथली सीमारेषा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे कारण समुद्राच्या खोलीत आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली गेली, तेव्हा बाली आशियाच्या भूमीला जोडले गेले. लोंबोकची सामुद्रधुनी मात्र त्याहून कितीतरी खोल असल्यामुळे पाण्याखालीच राहिली. आजचे तापमान आणि पाऊस कितीही बारकाईने मोजले, तरी हे उत्तर त्यांतून निघणार नाही.

अशा वेळी एक पडताळणी उपयोगी पडते. सारखे हवामान असलेले, पण वेगळ्या खंडांवरचे दोन प्रदेश घ्यावेत. वनस्पतींची रूपे सारखी आणि कुळे वेगळी निघाली, तर रूपाचे कारण हवामानात आणि कुळांचे कारण इतिहासात शोधावे.

प्रत्येक कोडे खंडवहनाने सोडवणे

वरची चूक टाळणारे पुष्कळदा उलट्या टोकाला जातात आणि सगळे काही खंडवहनावर, म्हणजे खंड हळूहळू सरकण्यावर ढकलतात. शहामृग आफ्रिकेत, रिया दक्षिण अमेरिकेत, एमू ऑस्ट्रेलियात आणि किवी न्यूझीलंडमध्ये. तेव्हा गोंडवन हा महाखंड फुटला आणि हे न उडणारे पक्षी तुकड्यांबरोबर वाहत गेले, ही मांडणी फार काळ पटण्यासारखी वाटत होती. मात्र 2014 साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासात किवीचा सर्वांत जवळचा नातेवाईक मादागास्करचा नामशेष झालेला हत्तीपक्षी असल्याचे दिसले. या दोन भूभागांच्या विभाजनाचा क्रम त्या नात्याशी जुळत नाही. त्यामुळे त्यांचे पूर्वज उडत पसरले आणि उडण्याची क्षमता निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे गेली, हे स्पष्टीकरण अधिक बळकट ठरते.

दक्षिण अमेरिकेतल्या माकडांचेही असेच आहे. अटलांटिक महासागर उघडल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून, बहुधा वाहत्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवरून, पलीकडे पोहोचले असावेत. खंडवहनाचे कारण देण्यापूर्वी भूभाग कधी वेगळे झाले आणि वंशाच्या शाखा कधी फुटल्या, या दोन कालखंडांचा मेळ बसतो का, एवढे पाहणे पुरेसे असते. मेळ बसत नसेल, तर मांडणी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी.

पावसाचा आकडा एकटाच वाचणे

वर्षाला 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस म्हणजे वाळवंट, ही व्याख्या घेऊन आर्क्टिक टुंड्राकडे पाहिले की गोंधळ उडतो. कारण तिथल्या पुष्कळ भागांत वृष्टी तितकीच कमी असते, आणि तरीही उन्हाळ्यात जमीन दलदलीची असते. थंडीमुळे बाष्पीभवन कमी होते आणि कायम गोठलेल्या थरामुळे पाणी खाली मुरत नाही. महत्त्वाचे असते ते पडणाऱ्या आणि निघून जाणाऱ्या पाण्याचे नाते.

सवानाच्या, म्हणजे विरळ झाडे असलेल्या गवताळ प्रदेशाच्या बाबतीत तर तापमान आणि पाऊस दोन्ही मिळूनही उत्तर अपुरे राहते. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात 1954 पासून काही भूखंड ठरावीक अंतराने जाळले जातात आणि काहींना आगीपासून दूर ठेवले जाते. जास्त पावसाच्या भागांत आग रोखलेल्या भूखंडांवर झाडोरा स्पष्टपणे दाटला. म्हणजे तिथले विस्तीर्ण गवत केवळ पावसाने ठरलेले नाही. आग आणि चरणारे प्राणी ते गवत टिकवून धरतात. अशा प्रदेशाला ‘उजाड झालेले जंगल’ समजून तिथे झाडे लावणे ही कागदावरची चूक राहत नाही, तिने एक चालती परिसंस्था मोडू शकते.

हिरवाई, सुपीकता आणि उत्पादकता यांना एकच समजणे

मला सर्वांत हट्टी वाटते ती ही चूक. घनदाट वर्षावन पाहिले की माती कसदार असणार, असे मनात येतेच. वस्तुतः अॅमेझॉनच्या मोठ्या भागातली माती जुनी, झिजलेली आणि पोषकद्रव्यांनी गरीब आहे. पोषकद्रव्यांचा बराच साठा जिवंत झाडांत असतो, आणि गळलेले पान कुजताच मुळे व त्यांच्याशी जोडलेल्या बुरश्या ते पदार्थ परत शोषून घेतात. जंगल तोडले की हा साठाच निघून जातो, म्हणून साफ केलेल्या जमिनीचा कस थोड्याच हंगामांत उतरतो.

याच जंगलाला ‘पृथ्वीची फुप्फुसे’ म्हणण्याची प्रथाही सोडून द्यावी. परिपक्व जंगल जितका प्राणवायू तयार करते, जवळजवळ तितकाच तिथल्या झाडांच्या आणि विघटकांच्या श्वसनात खर्च होतो. जंगलाचे मोल मोठे आहे, पण ते साठवलेल्या कार्बनात, बाष्पाच्या चक्रात आणि जैवविविधतेत आहे.

साठा आणि प्रवाह यांतला फरक समुद्रात आणखी उघड होतो. पृथ्वीवरच्या निव्वळ प्राथमिक उत्पादनापैकी (वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने जे घडवतात त्यातून त्यांचे स्वतःचे श्वसन वजा जाता जे उरते त्यापैकी) जवळपास निम्मे समुद्रात, मुख्यतः सूक्ष्म वनस्पतीप्लवकांकडून होते. पण या प्लवकांचे एकूण जैववस्तुमान, म्हणजे सजीव पदार्थाचे वजन, जमिनीवरच्या वनस्पतींच्या एक टक्काही नाही. दुकानाची शिल्लक कमी आणि उलाढाल प्रचंड, असा हा प्रकार आहे: प्लवक काही दिवसांत वाढतात, तितक्याच वेगाने खाल्ले जातात. म्हणूनच समुद्रातला जैववस्तुमानाचा मनोरा (तळाशी उत्पादक आणि वर त्यांना खाणारे अशी मांडणी) काही ठिकाणी उलटा दिसतो आणि विद्यार्थ्यांना आकडे चुकल्याची शंका येते. आकडे बरोबर असतात. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीच उलटा होत नाही, कारण तो साठा दाखवत नाही, ठरावीक काळातला प्रवाह दाखवतो.

एका पोषणपातळीकडून (अन्नसाखळीतल्या एका पायरीवरून) दुसरीकडे दहा टक्के ऊर्जा जाते, हा ‘नियम’ही ढोबळ सरासरी म्हणूनच वापरावा, प्रत्यक्ष प्रमाण परिसंस्थेनुसार आणि प्राण्यांनुसार बरेच बदलते.

प्रजाती मोजल्या म्हणजे परिसंस्था समजली, असे धरणे

परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या एका पट्ट्यातून पिसास्टर हा शिंपले खाणारा तारामासा सातत्याने काढून टाकला. 1966 साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार तिथल्या 15 प्रजातींच्या 8 झाल्या, कारण शिंपल्यांनी बाकीच्यांची जागा बळकावली. यादीत सगळ्या प्रजातींना एकेक ओळ मिळते. परिसंस्थेत त्यांचे वजन सारखे नसते.

आकडा पूर्ववत झाला म्हणजे सगळे पूर्ववत झाले, असेही नसते. डॅनियल सिम्बरलॉफ आणि एडवर्ड विल्सन यांनी 1960 च्या दशकात फ्लोरिडातल्या खारफुटीच्या चिमुकल्या बेटांवर धुरी देऊन तिथले कीटक व कोळी नष्ट केले आणि पुनर्वसाहत नोंदवली. बहुतेक बेटांवर प्रजातींची संख्या साधारण वर्षभरात जुन्या पातळीजवळ आली, पण त्या प्रजाती पुष्कळशा वेगळ्या होत्या. बिघडलेली परिसंस्था पुन्हा उभी करण्याच्या, म्हणजे पुनर्स्थापनेच्या, अहवालात केवळ संख्या दिली असेल, तर नावांची यादी मागावी, आणि परागण, विघटन, बीजप्रसार ही कामे आता कोण करते आहे, हेही विचारावे.

प्रसाराचे नकाशे वाचतानाही थोडी सावधगिरी हवी. नोंदी रस्त्यांच्या, शहरांच्या आणि संशोधन केंद्रांच्या आसपास दाटतात; त्यामुळे नकाशावरची रिकामी जागा प्रजातीचा अभाव दाखवते की निरीक्षकाचा, हे नुसत्या ठिपक्यांवरून ठरत नाही. दोन प्रदेशांतल्या प्रजातींची तुलना करण्यापूर्वी दोन्हीकडचे निरीक्षणाचे श्रम सारखे होते का ते पाहावे, आणि नसतील तर जिथे नमुने जास्त आहेत तिथले यादृच्छिकपणे कमी करून समान नमुन्यांवरच आकडे मांडावेत.