जुना पितळी दिवा दारावर लावताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घराच्या देवडीवर आजोबांच्या वेळचा विजेचा पितळी दिवा होता. कित्येक वर्षं माळ्यावर पडलेला तो दिवा मी घासूनपुसून पुन्हा लावला आणि पहिल्याच मोठ्या पावसात घरातली वीज गेली. काच उघडली तर तळाशी दोन बोटं पाणी. सगळ्या फटी तर मी सिलिकॉनने बुजवल्या होत्या!

चूक तीच होती. दिवा लागला की आतली हवा तापून बाहेर जाते. सर आली की ती गार होऊन आकसते आणि केसाएवढ्या फटीतूनही पाणी आत ओढते. तळ बंद असेल तर ते बाहेर पडायचं कुठून? म्हणून भिंतीला टेकणाऱ्या पट्टीच्या वर आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन भरा, खालची कड मोकळी सोडा. जुन्या दिव्यांच्या तळाला बहुतेकदा भोक असतं, पण ते रंगाने बुजलेलं असतं. ते मोकळं करा. नसेल तर ४-५ मिलिमीटरचं पाडा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते पितळ खातं, दुकानात 'न्यूट्रल' मागा. वायर दिव्यात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जातं.

दिवा लागतोय म्हणून जुनी वायर ठेवू नका. कापडाच्या वेष्टणाखालचं रबर कडक झालेलं असतं, वाकवलं की तुकडे पडतात. तडकलेला होल्डरही बदला, चिनी मातीचा उत्तम. जुन्या दिव्यांना बहुधा दोनच तारा असतात. धातूच्या दिव्याला तिसरी, अर्थिंगची, हवीच. एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झालं की पडणारा स्विच) माणसाला शॉकपासून वाचवत नाही, त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) लागतो. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, माझा यात आग्रह आहे.

घासण्याआधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, घासून वरचा पितळी मुलामा निघून जाईल. खऱ्या पितळेला चिंच-मीठ चालतं, पण लगेच धुऊन कोरडं करा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिशपेपर नको. ओला करून, मास्क लावून घासा आणि मुलांना लांब ठेवा.

दिवा बसवायच्या भिंतीचं म्हणाल, तर आपल्याकडच्या वालुकाश्माचे पदर सुटतात. दगडाच्या कडेला, ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा) मोड लावून भोक पाडलं की कपचा निघतो. भोक मधोमध घ्या, हॅमर बंद ठेवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या.

बटण बंद असूनही एलईडी मिणमिणत असेल तर अनेकदा बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) असतं. तसं असेल तर बंद दिव्याच्या होल्डरमध्येही वीज असते, त्यामुळे बल्ब बदलतानासुद्धा मेन बंद करा. आणि बल्ब सारखे जात असतील तर वॉट कमी करा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांना टेकतो, त्यात बंद काचेतल्या एलईडीची उष्णता बाहेर जात नाही. आमच्या देवडीला ५ वॉटचा पिवळसर बल्ब पुरतो, जिन्याची शेवटची पायरीही त्यात दिसते.