थर्मल कॅमेऱ्याचा मेनू आधी हाताशी आणा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे विजेचे पॅनल मी थर्मल कॅमेऱ्यानं तपासतो. चालू पॅनलचं दार उघडं असताना, हातमोजे घालून मेनूत शोधाशोध करायची वेळच येऊ देऊ नका. सेटिंग आदल्या दिवशी टेबलावर बसून लावा.

सगळ्यात आधी इमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग उष्णता किती बाहेर टाकतो त्याचा आकडा. ती 0.95 वर ठेवा आणि शॉर्टकट बटणावर तेच पान आणा. चकचकीत तांब्याची बसबार (पॅनलमधली वीज वाहून नेणारी पट्टी) तापलेली असली तरी कॅमेऱ्यात गार दिसते, कारण तिच्यात आजूबाजूचं प्रतिबिंब पडतं. म्हणून सप्लाय बंद असताना बसबारला काळी इन्सुलेशन टेप लावून घ्या. लोड आला, टेप तापली, की नेम टेपवरच धरा.

मग तापमानाची रेंज. ऑटोवर दर चित्राला रंग बदलतात, तीन फेजची तुलनाच होत नाही. लॉक करा. उन्हाळ्यात खालची हद्द वर घ्या, सोलापुरात हवाच चाळीस अंशांपुढे जाते!

पॅलेट, म्हणजे चित्राची रंगसंगती, कुठलीही चालेल, पण एकच ठेवा.

मधेच टिक आवाज येऊन चित्र थिजलं तर शटर पडलंय, सेन्सर जुळवून घेतोय. तेवढं थांबा, मगच फोटो घ्या.