ओटा तीन इंच वर, खर्च लाखाच्या आत

आमची बिल्डिंग १९८६ची. डोंबिवली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्वयंपाकघर ९ बाय ७. काळ्या कडप्प्याचा ओटा, सहा इंची पांढऱ्या टाइल्स, त्यांच्या सांध्यांचा मूळ रंग घरात कोणालाच आठवत नव्हता, आणि अख्ख्या खोलीत एक प्लग. ते नवं करायला मॉड्युलर किचनवाल्याने सव्वातीन लाख सांगितले. आमच्याकडे ९० हजार होते. शेवटी झाले ९७,६००. वरचे ७,६०० माझ्या हट्टापायी गेले, तेही सांगते.

दुकानं फिरायच्या आधी आठ दिवस ओट्यावर एक वही ठेवा. स्वयंपाक करताना जिथे चिडचिड होईल ते लगेच लिहायचं, पिठाच्या हातांनी का होईना. माझ्या वहीत निघालं ते असं: मिक्सर लावायला फ्रिजचा प्लग काढावा लागतो. भांडी घासताना पाणी कडेवरून ओघळून गाऊन पोटाशी भिजतो. पोळ्या झाल्या की कंबर धरते. ‘कपाटं कमी पडतात’ असं एकदाही लिहिलेलं नव्हतं, आणि मॉड्युलरवाला आम्हाला मुख्यतः कपाटंच विकत होता.

कंबरेचं कारण ओट्याची उंची. जुना ओटा ३० इंच. हल्ली सरसकट ३४ करतात, पण घरात लाटणाऱ्या दोघी असतील तर आधी तपासून घ्या. आम्ही पोळपाटाखाली रद्दी रचली. चार इंच रद्दीवर मला छान वाटलं. सासूबाईंनी लाटायला घेतलं आणि दुसऱ्याच पोळीला म्हणाल्या, “अगं, लाटण्यावर भारच पडत नाहीये. खांदा उचलतोय बघ.” खरंच उचलत होता, पोळी मधे जाड राहत होती. रद्दीतला एकेक अंक काढत गेलो. त्यांचे ३२, माझे ३४, तह ३३वर झाला. चुकायचं तर थोडं खालीच चुका. भाजी चिरायला उंच ओटा चालतो, लाटायला नाही.

ही उंची नव्या जमिनीपासून मोजायची. जुन्या लादीवर टाइल बसवणार असाल तर जमीन अर्धा इंच तरी वर येते, ओटा तेवढाच खाली जातो आणि दारही खालून तासावं लागतं. आम्ही जमिनीला हातच लावला नाही. जुनी मोझॅक लादी घासून पुन्हा पॉलिश होते, ओल्या पायाला ती चकचकीत टाइलपेक्षा बरी, आणि फोडायची मजुरी वाचते. पॉलिशचं दुधासारखं पाणी मात्र घरभर होतं, म्हणून ते काम रंगाच्या आधी उरका.

आता माझा हट्ट. नळाची लाइन भिंतीतल्या जुन्या लोखंडी पाइपची होती. मिस्त्री म्हणाले, “वहिनी, भिंत उघडीच आहे, बदलून घ्या.” मी म्हटलं, गळत तर नाही ना, राहू दे. सहा हजार वाचवले याचा आनंद पाच आठवडे टिकला. मग खालच्या काकू वर आल्या आणि छताला ओल आलीय म्हणाल्या. नव्या टाइल्स फोडून सीपीव्हीसी म्हणजे न गंजणारा प्लास्टिकचा पाइप टाकला, काकूंच्या छताचा रंगही आम्हीच दिला. भिंत उघडी असेपर्यंत पाइप स्वस्त. टाइल्स लावण्याआधी सगळी तोंडं बंद करून लाइन रात्रभर भरलेली ठेवा आणि सकाळी प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवून बघा.

वायरिंगमध्ये मी शहाणपणा केला नाही, कारण नवरा ऐकेना. मिक्सर, फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि पाण्याचा फिल्टर यांना स्वतंत्र पॉइंट, मायक्रोवेव्हला १६ अँपिअरचा. पॉइंट सिंकच्या डोक्यावर नकोत, शेगडीच्या मागे नकोत. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा बसवून घेतला. करंट गळायला लागला की तो वीज तोडतो, ओल्या हाताच्या खोलीत तो हवाच.

ओट्याचा दगड. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंबटाने तो खाल्ला जातो. आमच्या जुन्या ओट्यावर जिथे वर्षानुवर्षं कोकमाची वाटी ठेवली गेली तिथे पांढरट, खरखरीत वर्तुळ पडलं होतं. संगमरवराचंही तेच, लिंबू पिळलं की संपलं. म्हणून वर काळा ग्रॅनाइट घेतला. स्वस्त काळा ग्रॅनाइट कधी कधी रंगवलेला असतो. पर्समध्ये नेलपॉलिश रिमूव्हर आणि पांढरा रुमाल घेऊन जा, दुकानदारासमोर कोपरा घासा. रुमाल काळा झाला तर पुढचं दुकान गाठा. आम्ही तिसऱ्या दुकानात घेतला.

बसवताना दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. ओट्याला सिंककडे किंचित ढाळ हवा. मिस्त्री समोर असतानाच तांब्याभर पाणी ओता, ते शेगडीकडे वळलं तर त्याच दिवशी उचलायला लावा. आणि पुढच्या कडेच्या खालून लांबभर खाच मारून घ्या. पाणी त्या खाचेपाशी थेंब होऊन खाली पडतं, दगडाच्या पोटाला धरून आत, कपाटाच्या दारांवर जात नाही. वर कडेला अर्ध्या इंचाची उभी पट्टीही लावली. माझा गाऊन आता कोरडा असतो.

ओट्याखाली प्लाय घातलाच नाही. कडप्प्याच्याच उभ्या फळ्या, आणि फोडलेल्या ओट्याचे धड निघालेले दोन तुकडे कापून आत आडवे कप्पे केले. सिंक गळलं तरी दगड फुगत नाही, वाळवी लागत नाही. ट्रॉल्या दोनच घेतल्या, एक ताटवाट्यांची, एक डब्यांची. ‘लोहचुंबक लावा, चिकटलं नाही तर स्टील अस्सल’ असं दुकानदार छातीठोक सांगतात. त्यावर जाऊ नका. २०२ आणि ३०४ या स्टीलच्या दोन प्रती, दोन्हीला चुंबक जेमतेमच धरतं, आणि मोरीच्या दमटपणात २०२ लवकर गंजतं. बिलावर ‘३०४’ लिहून मागा. माझा पहिला दुकानदार लिहायची वेळ आल्यावर ‘मालक जेवायला गेलेत’ म्हणाला.

सिलिंडरच्या कप्प्याला गच्च दार लावू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून दाराला तळाशी जाळी हवी. सिलिंडर उभाच, शेगडी त्याच्यापेक्षा उंच, आणि नळीवरची तारीख बघा, ५ वर्षांनी ती बदलायची असते.

बजेटमध्ये लोक जे धरत नाहीत ते धरा. आमची डेब्रिजची ४३ पोती निघाली, आणि बिगारी मजल्यामागे पैसे घेतो. सोसायटीचं डिपॉझिट, दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद. अकरा दिवस गॅलरीत इंडक्शनवर चहा आणि भात, बाकी पोळीभाजी केंद्र, त्याचेच ३,४०० झाले. त्यात सासूबाईंचं रोजचं परीक्षण वेगळं.

दारं सगळ्यात शेवटी. पैसे संपले तेव्हा ओटा, पाणी, वीज, टाइल्स झालेल्या होत्या आणि कप्पे उघडे होते. सासूबाईंच्या दोन जुन्या इरकली लुगड्यांचे पडदे शिवून तारेवर ओवले. बोनस आल्यावर ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं करू असं ठरलं होतं. सिंकखालचं तेवढं केलं, बाकीचे पडदे अजून आहेत, दर पंधरा दिवसांनी धुते.

टाइल्सचा एक बॉक्स जास्त घ्या. पुढच्या लॉटमध्ये तोच रंग मिळेलच असं नाही. आमच्या पाइपाच्या भानगडीत त्यातल्या पाच गेल्या, सात दिवाणाखाली आहेत, बॉक्सवर शेड नंबर आणि तारीख लिहून.