पिकअपचा टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात जातोय? आधी बघा गाडी कधी तापते

माल भरून घाट चढताना काटा वर गेला की लगेच इंजिन बंद करू नका, गाडी साईडला घ्या, एसी बंद करा आणि हिटर फुल सोडा, उकडेल पण इंजिनची गरमी थोडी बाहेर पडते. काटा तरीही चढतच असेल तर मात्र लगेच बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

आता फॉल्ट शोधायचा. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला नॉर्मल होते तर बहुतेक फॅनचा लोचा. हायवेला स्पीडमध्येच तापते तर रेडिएटर जाम, बाहेरून जाळीत भुसा-किडे किंवा आत क्षार, कारण आपल्याकडे बोअरचं पाणी ओतायची सवय भारी. रेडिएटरचा वरचा पाईप चटका देतोय आणि खालचा गारच, तर बहुतेक थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह) अडकलाय, नवीनच टाका, काढून फेकायचा जुगाड नको. कुलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) कमी होतंय पण गळती कुठेच दिसत नाही आणि डिपस्टिकवर ऑइल दुधी चहासारखं, तर बहुतेक हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, गाडी टो करूनच न्या.