हातावर गँगलिऑनची गाठ आली? या चुका टाळा

मनगटाच्या मागे सुपारीएवढा फुगवटा दिसला की घरातलं कुणीतरी सुचवतंच, जाड पुस्तकाने एक फटका मार, बसेल. असला उपाय करू नका. सांध्यातून किंवा टेंडनच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणातून आलेला जेलीसारखा द्रव या गाठीत असतो. फटक्याने पिशवी फुटली तरी मूळ तिथेच राहतं आणि गाठ पुन्हा भरते. वर हाडाला मार बसायची भीती. बिब्बा लावणं तर त्याहून वाईट, कातडी भाजते आणि गाठ जागच्या जागी.

दिसली म्हणून काढलीच पाहिजे, असंही नाही. गँगलिऑन म्हणजे कॅन्सर नव्हे. दुखत नसेल तर वाट बघावी. जवळपास निम्म्या गाठी काळाने आपोआप जिरतात. हाताला काम पडलं की फुगणं, विश्रांतीने बसणं हा तिचा स्वभावच आहे.

सगळ्यात जास्त गफलत होते ती बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला येणाऱ्या बारीक, कडक गाठीबद्दल. हाड वाढलं असं वाटतं, इतकी ती घट्ट लागते. प्रत्यक्षात ती बोट मिटवणाऱ्या टेंडनच्या आवरणावर बसलेली असते. बादलीची कडी, लाटणं, स्कूटरचं हँडल धरलं की टोचते. बोट हळूहळू वाकवून बघा: गाठ सहसा टेंडनबरोबर सरकत नाही. बोटच अडकून कट्कन सुटत असेल, तर ट्रिगर फिंगर असू शकतं; त्याचे उपचार वेगळे.

बोटाच्या मुळाशी असलेल्या गाठीत सुईने द्रव काढून बऱ्याचदा काम भागतं. मनगटावर मात्र सुईनंतर गाठ परत येणं नेहमीचं, म्हणून लगेच डॉक्टरांना दोष देऊ नका. ऑपरेशननंतरही ती येऊ शकते, फक्त कमी वेळा. मनगटाच्या पुढच्या बाजूची गाठ बहुधा नाडीच्या धमनीला खेटून असते, तिथे सुई घालण्याआधी सोनोग्राफी केलेली बरी.

मोबाइलचा टॉर्च लावून प्रकाश आरपार गेला म्हणजे निदान झालं, असं समजू नका. भराभर वाढणारी, लाल-गरम झालेली किंवा बोटांना मुंग्या आणणारी गाठ हाताच्या सर्जनला दाखवाच. नखाजवळच्या पाणीदार फोडाला घरी सुई लावू नका. तो शेवटच्या सांध्याशी जोडलेला असतो, जंतू थेट आत जातात.