रेसिंग गेमच्या सेव्ह फाइलमधली गाडी बदलताना या चुका टाळा

गॅरेजमध्ये गाडी एकच दिसते, पण सेव्ह फाइलमध्ये ती एका जागी नसते. मॉडेल कोणतं ते एका ठिकाणी, रंग आणि पार्ट दुसऱ्या ठिकाणी, गाडी तुमच्या मालकीची आहे की नाही ते तिसरीकडे. या जागा एकमेकींशी क्रमांकांनी जोडलेल्या असतात. हे ध्यानात न घेता एकच आकडा बदलला, की गेम उघडल्यावर जळगाव-धुळ्याची पोरं विचारतात, "मनी गाडी कोठे गयी?" (माझी गाडी कुठे गेली?)

खालचं सगळं ऑफलाइन, एकट्याने खेळायच्या गेमपुरतं आहे. ऑनलाइन गेममध्ये गाड्यांची नोंद सर्व्हरवर असते. तिथे आपल्या कॉम्प्युटरवरची फाइल बदलून गाडी मिळत नाही, आणि अकाउंट मात्र बंद होऊ शकतं.

आधी फाइल बरोबर तीच आहे ना, ते बघा. 'नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड' (२००५) सारखे जुने गेम डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये सेव्ह ठेवतात. पण वनड्राइव्ह चालू असेल तर डॉक्युमेंट्स दोन होतात, एक साधं आणि एक वनड्राइव्हच्या आतलं. माणूस तासभर एका फोल्डरमधली फाइल बदलत बसतो आणि गेम दुसरीच वाचतो. गेममध्ये एकदा सेव्ह करा आणि कोणत्या फाइलची वेळ बदलली ते बघा. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनलेले काही छोटे गेम विंडोजवर बरीच माहिती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत ठेवतात, तिथे फाइल शोधून उपयोगच नाही. स्टीमवरचा गेम असेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन क्लाउड सिंक (सेव्हची इंटरनेटवरची प्रत आपोआप जुळवणं) आधी बंद करा, नाहीतर बदललेल्या फाइलवर क्लाउडमधली जुनी येऊन बसते.

मग कॉपी. अख्खं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा, नावात तारीख घाला. त्याच फोल्डरमध्ये 'कॉपी' नावाने ठेवलेली फाइल काही गेमना दुसरं प्रोफाइल वाटते.

आता आकडे. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, १०,००० शोधायचे म्हणून बरेच जण थेट तेच अंक टाइप करतात. १०,००० चा हेक्स, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीतला आकडा, २७१० होतो, आणि पीसीवरच्या बहुतेक गेममध्ये लहान बाजूचा बाइट आधी लिहिलेला असतो, म्हणून फाइलमध्ये दिसतं १० २७ ०० ००. उलटं शोधलं तर सापडत नाही, आणि उलटं लिहिलं तर पैसे भलतेच होतात. भरपूर पैसे हवेत म्हणून चारही बाइट एफएफ करू नका. चिन्हासह (उणेही होऊ शकणाऱ्या) ४ बाइटच्या आकड्यात त्याचा अर्थ उणे एक. अशा आकड्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, आणि तिच्या अगदी जवळचा आकडाही टाकू नये, कारण पुढची शर्यत जिंकली की बक्षीस मिळून रक्कम उणे होते. डॅमेज किंवा ट्यूनिंगचे स्लायडर बहुधा दशांशाच्या स्वरूपात असतात. तिथे १.० म्हणजे ०० ०० ८० ३एफ. त्या जागी ०१ ०० ०० ०० लिहिलं तर गेमला ते जवळपास शून्य वाटतं.

गाडीची नोंद शोधताना मोजणी चुकते ती जवळपास नेहमी एकाने. समजा पहिली नोंद हेक्स ४२०० वर सुरू होते आणि प्रत्येक नोंद ६४ बाइटची, म्हणजे हेक्स ४० ची आहे. गेम शून्यापासून मोजतो, म्हणून पाचव्या गाडीचा क्रमांक ४. चार गुणिले ६४ म्हणजे २५६, हेक्समध्ये १००. पाचवी गाडी ४३०० वर. पाचने गुणलं तर ४३४० वर पोहोचता आणि सहावी गाडी बिघडवता. नोंद किती बाइटची आहे हे अंदाजाने ठरवू नका. गेममध्ये फक्त एका गाडीचा रंग बदलून सेव्ह करा, आधीची आणि नंतरची फाइल विंडोजच्या एफसी कमांडला बी पर्याय देऊन (fc /b) ताडून बघा, मग दुसऱ्या गाडीचं तसंच करा. दोन्ही रंगांच्या जागांतलं अंतर नोंदीच्या आकाराच्या पटीत असतं. खेळायचा वेळ आणि चेकसम (फाइल बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) हेही बदललेले दिसतील, त्यांना गाडी समजू नका.

अख्खी नोंद उचलून दुसरीवर चिकटवणं ही मोहाची चूक. नोंदीत पार्टच्या स्लॉटचा, म्हणजे पार्टची माहिती ठेवलेल्या जागेचा, क्रमांक असेल तर आता दोन गाड्या एकाच स्लॉटकडे बोट दाखवतात, आणि एकीला लाल रंग दिला की दुसरीही लाल होते. गाडीचा स्वतःचा क्रमांक आणि स्लॉटचा क्रमांक जुनाच ठेवा. मॉडेलच्या जागी अक्षरं सापडत नसतील तर तिथे नावापासून गणिताने काढलेला ४ बाइटचा हॅश असू शकतो. तो मनाने लिहिता येत नाही, ती गाडी ज्यात आहे अशा सेव्हमधूनच घ्यावा.

चिकटवताना एडिटर ओव्हरराइट मोडमध्ये, म्हणजे जुन्या बाइटवरच नवे लिहिणाऱ्या मोडमध्ये, आहे का ते बघा. एचएक्सडी या हेक्स एडिटरमध्ये कंट्रोल-व्हीने बाइट मध्ये घुसतात आणि पुढचं सगळं सरकतं, म्हणून तिथे कंट्रोल-बी वापरा. फाइलचा आकार एका बाइटनेही बदलला तर सेव्ह करू नका.

बऱ्याच सेव्ह वाया जातात त्या चेकसममुळे. कापसाची गाडी जिनिंगच्या गेटवर आली की काटा पावतीवरचं वजन आणि गाडीचं वजन जुळतं का ते बघतात, तसं गेम सेव्ह उघडताना करतो. 'जीटीए सॅन अँड्रियास' हा निव्वळ रेसिंग गेम नाही, पण गॅरेजमधल्या गाड्या सेव्हमध्ये ठेवतो आणि समजायला सोपा आहे. पीसीवरची त्याची सेव्ह फाइल २,०२,७५२ बाइटची असते आणि शेवटचे ४ बाइट म्हणजे आधीच्या सगळ्या बाइटची बेरीज. पैसे १०,००० चे २०,००० केले तर १० २७ च्या जागी २० ४ई येतं. आधीची बेरीज ५५ होती, आता ११० झाली, म्हणून चेकसमही ५५ ने वाढवायचा. बेरजेत ते शेवटचे ४ बाइट धरायचे नाहीत, घोळ तिथेच होतो. सीआरसी किंवा एमडी५ या चेकसम काढायच्या अवघड पद्धती वापरणाऱ्या गेममध्ये असा हातचा हिशोब चालत नाही. तिथे नेमक्या कोणत्या बाइटपासून कुठपर्यंत मोजायचं ते कळल्याशिवाय फाइलला हात लावू नये.

काही बदललेलं नसतानाही सेव्ह जाते. रावेर-यावलकडच्या गावांत भारनियमनात ऑटोसेव्हच्या क्षणी लाइट गेली तर फाइलचा आकार बरोबर दिसतो, पण आत नुसती शून्यं असतात. इन्व्हर्टर असूनही कॉम्प्युटर बंद पडत असेल तर इन्व्हर्टरवरचं बटण यूपीएस मोडवर करा, साध्या मोडमध्ये वीज बदलायला वेळ लागतो. शून्यं भरलेल्या फाइलला नवा चेकसम लावून गाड्या परत येत नाहीत. पेनड्राइव्हवरची शेवटची चांगली कॉपी तिच्या जागी ठेवा आणि क्लाउड सिंक त्यानंतरच चालू करा.